पाचपैकी दोन

लुइस्टन, ११ जुलै

शेरिल,

सोबत एक अर्ज पाठवते आहे. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली परत पाठव. परतीच्या पाकिटावर तिकीट मीच चिकटवलं आहे, तेव्हा तिकीट नव्हतं ही सबब चालणार नाही.

एलोदीचे फ्रेंचच्या परीक्षेचे गुण आले. पाचपैकी दोन. पुन्हा लिहिते, कारण मलाही ते दोनदा वाचावं लागलं: दोन. इतिहासात चार, जीवशास्त्रात चार आणि फ्रेंचमध्ये दोन. दोन वर्षं ही पोरगी माझ्याशी सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या जपमाळेपर्यंत फ्रेंचमध्ये बोलते आहे. मी परीक्षा घेणाऱ्या मंडळाला फोन केला. चाळीस मिनिटं मला बाजा ऐकवला आणि मग एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आम्ही फक्त आकडा देतो, कारण देत नाही." मी म्हटलं, "बाळा, मी बत्तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात तपासनीस होते. एक बूट नापास केला तरी कुठली शिवण उसवली ते चिठ्ठीवर लिहावं लागायचं." तो म्हणाला, "आपला दिवस चांगला जावो."

तर गुण रद्द करता येतात. एकदा केले की कायमचे. कॉलेजला जाणाऱ्या कागदावरून ती ओळच जाते, पोर त्या परीक्षेला बसलीच नव्हती असं होतं. मागाहून कितीही डोकं आपटलं तरी परत मिळत नाहीत. नोव्हेंबरात ती मॉन्ट्रियलच्या कॉलेजला अर्ज करणार आहे, तुला तिनं सांगितलंच असेल. मॉन्ट्रियलला फ्रेंचमध्ये दोन घेऊन जायचं म्हणजे मोच्याच्या घरी फाटक्या बुटांनी जेवायला जायचं.

एलोदीनं सही केली आहे. ती सतरा वर्षांची, म्हणून आई-वडलांपैकी एकाची सही लागेल असं शाळेतली कौन्सेलर म्हणाली. तिचा बाप कुठे आहे ते तुलाच माहीत नाही. माझी सही चालत नाही. मी तिला दोन वर्षं जेवू घालते, तिचे दात दाखवून आणते, पण मी नुसती आजी, तिची मेमेर आहे.

तुझी तब्येत कशी आहे? हे आधी विचारायला हवं होतं. राहून गेलं.

तुझी आई


लुइस्टन, २६ जुलै

शेरिल,

पंधरा दिवस झाले. ॲरिझोनात टपाल पायी येतं का?

एलोदीला वाटतं मी उगाच घाई करते. घाईचं कारण सांगते. शनिवारच्या बीन्स निवडत होतो तेव्हा मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं, परीक्षेच्या खोलीत नेमकं काय घडलं ते. ती आधी तयार नव्हती.

"मेमेर, नको ना. झालं ते झालं."

"झालं ते मला ऐकायचंय."

तोंडी परीक्षेत माणूस नसतो, शेरिल. यंत्र असतं. यंत्रातून एका मुलीचा आवाज येतो, ती काहीतरी विचारते आणि उत्तराला वीस सेकंद देते. वीस सेकंद झाले की बीप. असं पाच वेळा. त्या मुलीनं विचारलं, शाळेच्या जत्रेत आपण काय करूया? आणि आपल्या एलोदीनं काय केलं ठाऊक आहे? तिनं आधी त्या मुलीची खुशाली विचारली. मग तिच्या आईची. मग म्हणाली, तुमच्याकडे सगळ्यांच्या सर्द्या बऱ्या झाल्या का? बीप.

"अगं, यंत्राला आईची खुशाली?"

"तूच शिकवलंस ना! दारातला माणूस असो की फोनवरचा, आधी घरच्यांचं विचारायचं, मग काम काढायचं. नाहीतर त्याला वाटतं आपल्याला कामापुरताच हवा होता."

"पुढच्या वेळी तरी उत्तर दिलंस का?"

"पुढच्या वेळी मी विचारलं, तुझी आई जत्रेला नाही म्हणणार नाही ना? मग बीप."

मी हसले. डोळे पुसावे लागले इतकी हसले, तीही हसली आणि बीन्स जमिनीवर सांडल्या. तिनं मग शेवटचा भाग सांगितला. दोन मिनिटं बोलायचं असतं. विषय आला: सणासुदीची जेवणं. तुमच्या समाजाची फ्रेंच बोलणाऱ्या एखाद्या समाजाशी तुलना करा.

"मग कोणता घेतलास? पॅरिस? सेनेगल?"

"आपलाच."

"आणि तुलना कोणाशी?"

"कोणाशी करणार? मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे दोन समाज नाहीत, एकच आहे. मग नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर आपण डुकराचा खिमा भरून भाजलेला मीट-पाय खातो ते सांगितलं. पेपेर त्याच्या कवचाचा जाड काठ सगळ्यात आधी खायचे, ते सांगितलं."

तिचा हा आजोबा, आर्मांद, वारला तेव्हा ही आठ वर्षांची होती. त्याचं काठ खाणं तिला आठवतं.

शेरिल, तिचं चुकलं कुठे ते मला तिथेच कळलं. मला वाटत होतं मी तिला कॉन्व्हेंटची फ्रेंच शिकवते आहे. सिस्टर मारी-एल्वारच्या हाताखाली आठ वर्षं घोटलेली, मोजूनमापून ओठांवर आणायची ती फ्रेंच. पण स्वयंपाकघरात कणीक मळताना शिकवायला बसलं की तोंडातून माझ्या आईची निघते. मॉन्ट्रियलकडून गिरणीत कामाला आलेल्यांची, गल्लीतली, कालव्याच्या काठची. एलोदी तीच उचलत होती आणि माझ्या लक्षात आलं नाही. ननांना ती भाषा ऐकवली असती तर त्यांनी मला उठून तोंड धुवायला पाठवलं असतं.

आता तुला कळलं ना सही का हवी आहे? ते दोन माझे आहेत, पोरीचे नाहीत. माझे गुण तिच्या कागदावर नकोत.

इथे उकाडा आहे. तुला तो काहीच वाटणार नाही.

तुझी आई


लुइस्टन, ९ ऑगस्ट

शेरिल,

अर्ज मिळाला. सहीच्या जागी सही नाही, फुलीशेजारी तुझ्या अक्षरात पेन्सिलीनं चार शब्द: "मॉम, तिला विचारलंस का?"

नऊ वर्षांत तुझ्याकडून मला नाताळची छापील कार्डं आली, त्यांवर तुझं नुसतं नाव. आता पहिल्यांदा एक पुरं वाक्य आलं आणि ते हे. मी ते फ्रिजला लावणार होते. मग वाचलं पुन्हा आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

हो, विचारलं. आज सकाळी विचारलं, तुझी चिठ्ठी आल्यावर. त्याआधी विचारलं नव्हतं. जुलैत मी अर्ज भरून तिच्यापुढे ठेवला आणि तिनं सही केली. मी काही पुढे ठेवलं की ती जेवते तशी.

ती म्हणाली, "मेमेर, मला रद्द नाही करायचं."

"दोन घेऊन मॉन्ट्रियलला जाणार?"

"हो. अर्जासोबत निबंध द्यायचा असतो. मी त्यावरच लिहिणार आहे, माझ्या घरच्या भाषेत मला पाचपैकी दोन कसे मिळाले त्यावर. यंत्राच्या आईची खुशाली विचारली ते, आणि एकच समाज आहे म्हणाले ते. गुण त्या कागदावर असायला हवेत, नाहीतर ती नुसती गोष्ट होते."

"लोक हसतील."

"हसू देत. तूही हसलीस ना."

"मी घरची आहे. ते तिकडे टेबलाच्या पलीकडे बसून हसतील. त्यात फरक असतो, तुला माहीत नाही, मला माहीत आहे."

त्यावर ती जे बोलली ते लिहिते, कारण रविवारी दार लावून तुम्ही फोनवर बोलता तेव्हा ती सांगेलच. ती म्हणाली, "दोन म्हणजे शून्य नाही, मेमेर. मॉमला तर तू शून्यच दिलंस."

मी तिला भांडी घासायला सांगितलं.

शेरिल, तुला शून्य का दिलं ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारायचीस तेव्हा तुझा सूर चांगला नसायचा. आता विचारलेलं नाहीस, म्हणून सांगते. ननांकडे सकाळी फ्रेंच आणि दुपारी इंग्रजी. सकाळी माझी फ्रेंच गावंढळ, दुपारी माझी इंग्रजी गावंढळ. मग सतराव्या वर्षी कारखान्यात गेले. फ्रेंच बोलणाऱ्याला तिथे बेडूक म्हणायचे; फोरमन मी तोंड उघडलं की बेडकासारखा आवाज काढायचा आणि अख्खी ओळ हसायची, आपल्यातल्या बायकासुद्धा, कारण नाही हसल्या तर पुढची पाळी त्यांची. चार वर्षं मी मान हलवून कामं केली. तू झालीस तेव्हा मी ठरवलं, हिच्या तोंडाला कोणी हसणार नाही. नाव असं शोधलं की दोन्हीकडे चालावं. आर्मांदला बजावलं, पोरीशी इंग्रजीतच बोलायचं. त्याला कुठे येत होती? "ये", "जा", "जेवलीस का", "शाब्बास", एवढंच त्याच्याकडे तुझ्यासाठी होतं. तुला वाटायचं बाप घुम्या आहे. तो घुम्या नव्हता गं. गल्लीत त्याच्याइतका बडबड्या माणूस नव्हता.

आणि तू गल्लीत, शाळेत, सगळीकडे अशी इंग्रजी बोललीस की बाहेरून आलेल्या मास्तरणीला वाटलं आपण बॉस्टनहून आलेलो आहोत. मी त्या दिवशी केक आणला होता. तुला आठवत नसेल.

पोरीचं तू एलोदी असं फ्रेंच नाव ठेवलंस तेव्हाच मी समजायला हवं होतं की हे माझ्या नाकावर टिच्चून आहे.

अर्ज माझ्यापाशी आहे. बघू.

तुझी आई


लुइस्टन, ३ सप्टेंबर

शेरिल,

मी सही केली.

तुझी. १० ऑगस्टला, मागचं पत्र टपालात टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझी चिठ्ठी खोडरबरानं पुसली, खाली तुझं नाव लिहिलं आणि चौकातल्या पेटीत टाकलं. नववीत तू माझी सही तुझ्या प्रगतिपुस्तकावर करायचीस आणि मी गप्प बसले होते, असं काहीतरी मनाशी म्हणतही होते. पेटीचं झाकण आपटलं तेव्हा बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही. कामाचा निकाल लावला की वाटतं तसं.

काल मंडळाचं पत्र आलं. एलोदीनं उघडलं. स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. मी ओट्याशी होते, पाठ तिच्याकडे, आणि मला आवाजावरून कळलं की तिनं ते घडी करून परत पाकिटात घातलं. परत पाकिटात घालायची काही गरज नव्हती.

मग तिनं विचारलं, "तू केलंस हे?"

इंग्रजीत विचारलं.

मी फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. तुझ्या भल्यासाठी, नोव्हेंबर जवळ आला, मेमध्ये पुन्हा बस, या वेळी मी नीट शिकवीन, नाहीतर चर्चमध्ये येणाऱ्या त्या काँगोच्या जोडप्यातला नवरा शिकवील, त्याची फ्रेंच पुस्तकातली आहे. पुष्कळ बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ठीक आहे, आजी." तेही इंग्रजीत. मेमेर नाही.

कालपासून ती घरात इंग्रजीच बोलते. उद्धट नाही, आवाज चढवत नाही. मीठ दे म्हणते, थँक यू म्हणते. स्वच्छ, बिनचूक इंग्रजी. माझ्या घरात अशी इंग्रजी पूर्वीही होती, अठरा वर्षं, आणि मला तिचा अभिमान होता. आता मी समोर बसून ती ऐकते आणि मीठ पुढे सरकवते.

मी आज पुन्हा मंडळाला फोन केला. बाजा, मग एक बाई. मी खरं सांगितलं, की मी आजी, रोलांद; सही माझी होती, आईची नव्हती. तिनं कागद तपासले. मग म्हणाली, "मॅडम, आता इथे काही उरलंच नाहीये. परत आणायला काहीतरी असावं लागतं." चांगली बाई होती. मला पोलिसात देईल असं वाटलं होतं, त्याऐवजी तिनं विचारलं, आपल्याला बरं वाटतंय ना?

हे तुला कळवण्याचं कारण म्हणजे तुझं नाव वापरलं. ते तुला माहीत असावं.

तुझी आई


लुइस्टन, १९ सप्टेंबर

शेरिल,

तुझं उत्तर नाही. द्यायला हवं असं मी म्हणत नाही.

रविवारी चर्चखालच्या तळघरात कॉफी होती. काँगोच्या मादाम म्बुयी एलोदीशेजारी बसल्या. त्यांना गुणांचं काही माहीत नाही. त्या सवयीनं फ्रेंचमध्ये बोलायला लागल्या आणि एलोदीला त्यांना इंग्रजीत उत्तर देणं बरं दिसेना, म्हणून ती फ्रेंचमध्ये बोलली. मी दोन टेबलं पलीकडे कप गोळा करत होते. बाईंच्या आईची खुशाली झाली, कुठल्याशा बहिणीच्या बाळंतपणाचं झालं, चांगली दहा मिनिटं त्यातच गेली. मग मादाम म्बुयी मला हाक मारून म्हणाल्या, "अहो मादाम, ही कुठे शिकली असं बोलायला? गावाहून निघाल्यापासून इतकं नीट मला कोणी विचारलं नव्हतं."

एलोदी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते ते बघत होती. मी म्हणाले, "माझ्या आईकडून आलंय ते." आणि कप घेऊन मोरीकडे गेले. घरी येताना गाडीत ती इंग्रजीतच बोलली, पण बोलली तरी.

त्या रात्रीपासून मी हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आता सरळ लिहिते.

तू मला एक गोष्ट विचारली होतीस आणि मी तुला खोटं उत्तर दिलं. हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी. तू आर्मांदपाशी एकटी बसली होतीस आणि तो बोलत होता. त्याची चार शब्दांची इंग्रजी तोवर गेली होती, सगळंच फ्रेंचमध्ये. तू त्याचा हात धरून "हो डॅडी, हो डॅडी" म्हणत होतीस. बाहेर येऊन तू विचारलंस, "मॉम, ते तासभर काय बोलत होते?" मी म्हणाले, "मला काय माहीत, मी कॉफी आणायला गेले होते. बडबडत असेल, तापात बडबडतात." तू म्हणालीस, "मला एक शब्द कळला नाही. माझा बाप माझ्याशी पहिल्यांदा बोलला आणि मला एक शब्द कळला नाही." दफन झालं त्याच संध्याकाळी तू विमानात बसलीस.

मी कॉफी आणायला गेले नव्हते. दाराशी होते. पाऊण तास उभी होते. एक पाऊल आत टाकून मी तुला वाक्यागणिक सांगू शकले असते. टाकलं नाही, कारण तो तुझी माफी मागत होता आणि ज्या गोष्टीची मागत होता ती मी केली होती. त्यानं फक्त माझं ऐकलं होतं. हे मी तुला माझ्या तोंडानं कसं सांगणार होते, तू सांग. रात्री घरी आल्यावर मी ते सगळं उतरवून ठेवलं. का ते माहीत नाही. ननांनी श्रुतलेखनाची सवय लावली होती, ऐकलेलं जसंच्या तसं उतरायचं, सुधारायचं नाही.

तो कागद सोबत आहे. नऊ वर्षांनी. तोच मूळचा, नक्कल नाही, माझ्यापाशी आता काही ठेवलेलं नाही.

त्याचा अर्थ मी लिहिलेला नाही. तीनदा लिहायला घेतला आणि तिन्ही वेळा माझ्याबद्दलची वाक्यं थोडी मऊ झाली. मी तशी आहे. कोश घेऊन बसू नकोस, निम्मे शब्द त्यात सापडणार नाहीत. मॉन्ट्रियलच्या प्राध्यापकालाही सगळे लागायचे नाहीत. आर्मांद जसा बोलायचा तसं बोलणारी या घरात आता एकच आहे, आणि ती माझ्यासारखी भित्री नाही.

रविवारी तुम्ही बोलता तेव्हा हा कागद तिला वाचून दाखव. उच्चार जमले नाहीत तर अक्षरं सांग, ती जुळवील. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला एवढंच म्हण, की मेमेरला सांभाळून घ्यायचं नाही, एकही शब्द बदलायचा नाही.

मी त्या दिवशी बारा ते तीन चर्चच्या तळघरात जुने कपडे निवडत असेन. तीन वाजले तरी थोडी तिथेच बसेन. घाई करू नका.

रोलांद